आखाजी ते होळी : आजी-आजोबा, नातवंडे आणि हातकाम

शहादा तालुक्यात मुलांच्या हस्तकलेचे साहित्य हंगामावर ठरते. तापी आणि गोमाईच्या काठची काळी जमीन कापूस, ज्वारी, ऊस, केळी आणि पपई देते, उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी बांबू मिळतो, आणि घरातल्या ट्रंकेत जुन्या लुगड्यांचा साठा असतो. यातले जवळपास काहीही विकत आणावे लागत नाही, मात्र प्रत्येक वस्तूची वेळ ठरलेली असते. चिखलाचा बैल वैशाखात करता येत नाही आणि ज्वारीच्या धांड्यांची गाडी श्रावणात होत नाही.

सालदाराचे साल आखाजीला धरण्याची खानदेशाची जुनी रीत आहे. हातकामाचे वर्षही तिथूनच मोजणे सोयीचे. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. ती एप्रिल-मेमध्ये येते. शाळा सुटलेल्या असतात, लेकी माहेरी येतात, सुरत, नाशिक, पुण्याला राहणारी नातवंडे आजोळी उतरतात. पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असतो, त्यामुळे दुपारी बारा ते पाच कोणालाही उंबरठा ओलांडायचा नसतो. घरात बसून करण्याच्या कामांची सुरुवात यापेक्षा चांगल्या वेळी होणे कठीण.

आजी-आजोबा आणि नातवंडे मिळून करतात त्या कामात कामाची वाटणी आपोआप ठरते. आजीच्या हाताला सवय असते, पण सुईचे नेढे दिसत नाही. नातीला नेढे दिसते, पण दहा टाके घालून झाले की तिचा धीर संपतो. म्हणून दोरा नातीने ओवायचा आणि टाका आजीने घालायचा. आजोबांना ज्वारीच्या ताटाची साल सलग कशी निघते ते ठाऊक असते, पण बारीक काडी नेमक्या जागी टोचायला नातवाची बोटे लागतात. दोघांपैकी एकाने सगळे काम करून दुसऱ्याला नुसते बघायला बसवले, की तासाभरात दुसरा उठून जातो. बहुतेक घरांत हा अपराध मोठ्यांकडून घडतो.

चिंध्या आणि कोयी

गोधडी शिवायला उन्हाळाच लागतो. जुनी सुती लुगडी, धोतरे, चादरी धुऊन कडक वाळवल्या जातात आणि गोधडी अंगणात पसरता येते. पूर्ण गोधडी हे मुलांचे काम नव्हे, परंतु बाहुलीची गोधडी आहे. दीड वीत लांब आणि एक वीत रुंद असे तीन थर एकावर एक ठेवायचे, वरच्या थरावर निरनिराळ्या रंगांचे तुकडे मांडायचे आणि थर सरकू नयेत म्हणून आधी लांब लांब कच्चे टाके घालायचे. मग कडेपासून साधा धावदोरा सुरू होतो. एक फेरी पूर्ण झाली की बोटभर आत दुसरी, अशा चौकोनात चौकोन घेत शिवण मध्यापर्यंत जाते. मध्यापासून सुरुवात केली तर कापड कडेकडे ढकलले जाते. हे एकदा करून पाहिलेले मूल पुन्हा कडेपासूनच सुरू करते. सुई मोठ्या नेढ्याची घ्यावी, दाभण मात्र मुलांच्या हाती देऊ नये. टाके वाकडे येणारच, ते उसवू नयेत.

सात वर्षांच्या आतल्या मुलांसाठी शिवणाशिवाय होणारी बाहुली जास्त योग्य. हातरुमालाएवढ्या चिंधीच्या मध्यावर कापसाचा किंवा चिंध्यांचा गोळा ठेवून खाली दोऱ्याने आवळला की डोके तयार होते. दुसऱ्या चिंधीची घट्ट सुरळी मानेखाली आडवी बांधली की हात होतात, आणि उरलेल्या कापडाला काठाची पट्टी गुंडाळली की नऊवारी. डोळे काजळाचे, कुंकू कुंकवाचे. हीच जुन्या भातुकलीतली ठकी.

आखाजीनंतर आंबा सुरू होतो आणि अंगणात कोयींचा ढीग पडतो. पहिल्या पावसानंतर त्यातल्या काही रुजतात. रुजलेल्या कोयीचे कठीण कवच सोडवून आतली बी काढायची आणि तिचे एक टोक खरबरीत दगडावर तिरके घासायचे. दोन दलांमधली फट उघडी पडली की पिपाणी तयार होते. तिच्यातून येणारा आवाज घरातल्या कोणालाच आवडत नाही, आणि मुलांच्या दृष्टीने पिपाणीची किंमत तेवढ्यानेच वाढते. चिंचोक्यांचे फासे याहून शांत. चिंचोका फरशीवर घासला की एक बाजू पांढरी होते आणि दुसरी तपकिरी राहते. पपईच्या पानाचा पोकळ देठ साबणाच्या पाण्यात बुडवून फुगे काढण्याचा खेळ शहाद्यासारख्या पपईच्या पट्ट्यात फुकटच आहे. त्यासाठी पिवळे पडून गळालेल्या पानाचा देठ घ्यावा आणि धुऊन वापरावा, कारण हिरव्या देठातला चीक कातडीला आणि डोळ्यांना झोंबतो.

बिया गोळा करून माळा ओवणे मुलांना आवडते. चिंचोके, सीताफळाच्या बिया आणि भोपळ्याच्या बिया यांना हरकत नाही, पण त्या फार लहान मुलांच्या तोंडात, नाकात जाणार नाहीत एवढे पाहावे. लाल-काळी गुंज आणि एरंडीची बी मात्र घरात आणूच नये. दोन्ही दिसायला देखण्या, आणि चावून पोटात गेल्यास दोन्ही प्राणघातक विषारी.

पोळ्याची माती

श्रावण अमावास्येला पोळा येतो. ज्यांच्या दारी बैल आहे ते बैल सजवतात. ज्यांच्या दारी नाही ते मातीची बैलजोडी पुजतात. आता बैलाची जागा ट्रॅक्टरने घेतली असल्याने शेतकऱ्यांच्या घरातही मातीचेच बैल वाढले आहेत. बाजारात प्लास्टर ऑफ पॅरिसचे रंगीत बैल सर्रास मिळतात. ते सुबक असतात, पण त्यांच्यात मुलांना करण्यासारखे काही उरलेले नसते.

मातीचे काम पोळ्याच्या निदान आठ दिवस आधी सुरू करावे. नुसती शेतातली काळी माती बैलाला चालत नाही. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्याच कारणाने काळ्या मातीचा बैल मानेत तडकतो. उपाय दोन. एक म्हणजे नदीकाठचा पोयटा निम्म्याने मिसळणे, आणि दुसरा म्हणजे चाळलेली राख, बारीक रेती किंवा वाळलेली लीद घालणे. लीद आणि राख कुंभारही वापरतात, कारण त्यातले बारीक तंतू आणि कण मातीचे आकसणे कमी करतात. माती चाळून, खडे काढून रात्रभर भिजवावी आणि सकाळी हाताला चिकटेनाशी होईपर्यंत मळावी. ती झाली की नाही हे ओळखण्याची सोपी रीत आहे. करंगळीएवढी वळी करून ती बोटाभोवती गुंडाळायची. वळी न तडकता गुंडाळली गेली तर माती तयार. तडकली तर अजून मळायची.

बहुतेक मुले बैलाचे धड वेगळे, चार पाय वेगळे आणि डोके वेगळे करून एकमेकांना चिकटवतात. असा बैल वाळताना पायातून सुटतो. कुंभाराचा हात वेगळा चालतो: एकच गोळा घ्यायचा, तो लांबट करायचा, खालून चिमटीने ओढून चार पाय काढायचे, पुढून मान आणि वरून वशिंड उचलायचे. पाय आखूड आणि जाड ठेवावेत. शिंगे वेगळी करणे भागच असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना काडीने आडव्या-उभ्या रेघा ओरखडाव्यात आणि पातळ चिखल लावून दाबावे. बांबूच्या दोन काड्या टोचल्या तर शिंगे मोडण्याचा प्रश्नच मिटतो. बैल सावलीत, वर ओले फडके टाकून, तीन-चार दिवस सावकाश वाळवायचे. लवकर वाळावेत म्हणून उन्हात ठेवले की बाहेरचा थर आधी आकसतो आणि भेग पडते.

रंगही घरातलेच पुरतात. अंगाला गेरू, पांढऱ्यासाठी पाण्यात कालवलेली खडूची भुकटी, डोळ्यांना काजळ, झुलीला हळद. चुना झोंबतो, तो मुलांपासून दूरच बरा. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून त्याचे पाणी रंगात घातले की रंग हाताला लागत नाही. पोळा झाल्यावर हे कच्चे बैल पाण्यात सोडले तर विरघळतात, किंवा तुळशीच्या कुंडीत घातले की पुन्हा माती होते. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा भरतो, तिथे चाकांचे लाकडी बैल असतात आणि ते वर्षानुवर्षे टिकतात. खानदेशातला मातीचा बैल दरवर्षी नव्याने करावा लागतो, आणि मुलांना हात बसण्यासाठी हेच सोयीचे पडते. तिसऱ्या वर्षीच्या बैलाला बघणारा न विचारता बैल म्हणतो.

पोळ्यानंतर दोनेक आठवड्यांत, भाद्रपद पौर्णिमेला, गुलाबाई बसते आणि कोजागरीला तिचे विसर्जन होते. महिनाभर संध्याकाळी मुली गाणी म्हणतात आणि डब्यातला खाऊ ओळखण्याचा खेळ चालतो. पोळ्याची उरलेली माती ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली तर गुलाबाईची लहान मूर्ती घरी करता येते. बैलापेक्षा ही मूर्ती सोपी, कारण ती बसलेली असते आणि पाय ओढावे लागत नाहीत. विदर्भातल्या भुलाबाईला ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करतात. तसा मांडव गुलाबाईलाही शोभतो.

कापूस

दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस फुटतो. वेचणीतला मूठभर कापूस घरात आला की आधी त्यातली सरकी काढण्याचे काम मुलांना द्यावे. तंतू सरकीला किती घट्ट धरून असतात हे बोटांना कळल्यावरच जिनिंगचे यंत्र कशासाठी लागते ते समजते. सरकी काढलेला कापूस बोटांनी पिंजून मोकळा करायचा. त्याची रुपयाएवढी चकती घेऊन मधोमध चिमटीत धरली आणि टोकाला दुधाचे बोट लावून पीळ दिला की फुलवात होते. लांब वातीसाठी कापसाची पट्टी तळहातांमध्ये वळावी लागते आणि हात घसरू नये म्हणून भस्म किंवा रांगोळी लावतात. देवाला वाहायचे कापसाचे वस्त्र याच्या पुढची पायरी. कापसाची सलग लड ओढत जायची, ठरावीक अंतरावर पाण्याच्या बोटाने पीळ द्यायचा आणि पिळाच्या जागी कुंकू लावायचे. लड न तुटू देता वीतभर वस्त्र करणारे दहा वर्षांचे मूल हुशारच म्हणायचे.

वातीपासून सुतापर्यंत फार अंतर नाही. मातीची मधे भोक असलेली चकती वाळवून ती गुळगुळीत काडीवर घट्ट बसवली की टकळी तयार होते. काडीच्या टोकाला पिंजलेल्या कापसाच्या पेळूचा थोडा पीळ अडकवून टकळी फिरवत सोडायची आणि दुसऱ्या हाताने पेळू सावकाश ओढायचा. पीळ पडला की सैल तंतू एकमेकांना घट्ट धरतात. पीळ पडण्याआधी ओढले तर धागा तुटतो. 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी मांडलेल्या नई तालीममध्ये टकळीला मोठे स्थान होते. त्या योजनेत सूतकताईवरून गणित, भूगोल आणि इतिहास शिकवायचा होता. घरात एवढा भार टकळीवर टाकण्याची गरज नाही. हातभर सूत निघाले आणि त्याने बाहुलीची माळ ओवली गेली तरी काम झाले.

गावात सहज मिळणाऱ्या वस्तूंतून शिकवण्याचा विचार महाराष्ट्रात पुढे बालशिक्षणात रुजवला तो ताराबाई मोडक यांनी. 1945 मध्ये बोर्डीत आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी पाने, बिया, खडे, माती यांनाच शैक्षणिक साधने मानून आदिवासी मुलांचे वर्ग चालवले. महागड्या परदेशी साधनांवाचून बालवाडी चालत नाही, हा समज त्यांच्या कामाने खोटा पाडला. 1978 मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेलेल्या अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन आणि घनाकृती करायला शिकवले; पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कचऱ्यातून खेळणी करण्याचे काम केले. त्रिकोण दाबला तरी आकार बदलत नाही आणि चौकोन लगेच वाकडा होतो, ही गोष्ट त्या काड्यांनी मुलांच्या बोटांना सांगितली. दिवाळीत बांबूच्या काड्यांचा आकाशकंदील बांधताना हाच अनुभव येतो. चौकोनी सांगाड्यात एक तिरपी काडी घातली की तो डगमगायचा थांबतो.

होळीचा भोपळा

फाल्गुनात सातपुड्यात होळीची तयारी सुरू होते. भोंगऱ्याचे बाजार भरतात आणि नवस असलेले पुरुष बुध्या होतात. अंगावर राखेची किंवा पिठाची नक्षी, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरे, डोक्यावर बांबूच्या काड्यांचा मोरपिसे लावलेला उंच टोप असा त्यांचा साज असतो. काठी गावची होळी पाहून आलेल्या मुलांना लगेच तसा टोप करायचा असतो. तो करू नये. बुध्या हे व्रत आहे, त्याचे नियम कडक असतात, आणि त्याचा साज म्हणजे स्नेहसंमेलनातली वेशभूषा नव्हे.

भोपळ्याचा खुळखुळा मात्र कोणीही करावा. त्यासाठी लहान दुधी भोपळा वेलावरच जून होऊ द्यावा, देठासकट तोडून छपराखाली टांगावा आणि विसरून जावे. पूर्ण वाळायला दोन-तीन महिने लागतात. मधल्या काळात वर काळपट बुरशी येते, ती पुसली जाते. हलवल्यावर आतल्या बिया वाजू लागल्या की भोपळा तयार झाला. वरचे पातळ साल ओल्या चिंधीने आणि वाळूने घासले की पिवळसर गुळगुळीत कवच निघते. त्यावर खिळ्याने नक्षी कोरायची आणि रेघांत काजळ भरायचे. कोरण्याचे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली, काजळ भरण्याचे मुलांचे.

दादरचे धांडे

तापीकाठची दादर ज्वारी पावसाळ्यानंतर जमिनीतल्या ओलीवर येते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढली जाते. कणसे खुडून झाल्यावर धांड्यांच्या पेंढ्या बांधतात. याच धांड्यांची बैलगाडी हे या भागातल्या हातकामात सर्वांत अवघड आणि सर्वांत सुंदर काम आहे. मुलांच्या गाड्यांची हौस जुनी आहे. सिंधू संस्कृतीच्या गावांत भाजक्या मातीच्या खेळण्यातल्या गाड्या मोठ्या संख्येने सापडल्या आहेत, आणि 1974 मध्ये गोदावरीच्या खोऱ्यात दायमाबादला दोन बैल जोडलेला कांस्याचा रथ सापडला. शहादा तालुक्यातल्या प्रकाशे येथेही 1955 मध्ये पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले आणि तापीकाठी ताम्रपाषाण काळातली वस्ती होती हे दाखवले. धांड्यांच्या गाड्या मात्र कोणत्याही उत्खननात सापडणार नाहीत, त्या दरवर्षी गुरांच्या पोटात जातात.

धांड्याचे दोन भाग असतात, बाहेरची चकचकीत टणक साल आणि आतला पांढरा मऊ गाभा. गाभ्याचा उपयोग लाकडासारखा आणि सालीच्या टोकदार काड्यांचा उपयोग खिळ्यांसारखा होतो. खिळा आणि लाकूड एकाच ताटातून निघत असल्यामुळे डिंक, दोरा, तार काहीच लागत नाही. फार हिरवा धांडा नको, तो नंतर आकसतो आणि जोड सैल पडतात. फार वाळलेला असेल तर त्यावर ओले फडके फिरवून तासभर ठेवावा, म्हणजे साल न तडकता लांब निघते. साल पेराच्या जागी नखाने किंवा सुरीच्या टोकाने उचलून खाली ओढतात. पूर्वीची मुले ती दातांनी सोलत आणि ओठ कापून घेत. सालीची कड पात्यासारखी धारदार असते, म्हणून सोलण्याचे काम आजोबांचे.

आधी चाके करावीत. बुडाकडच्या जाड धांड्याच्या, साल न काढलेल्या चकत्या कापल्या की सोपी भरीव चाके मिळतात. आऱ्यांचे चाक करायचे तर गाभ्याचा पेरभर तुकडा तुंबा म्हणून घ्यायचा, त्यात सारख्या लांबीच्या सहा काड्या सारख्या अंतरावर टोचायच्या, प्रत्येकीच्या बाहेरच्या टोकाला गाभ्याचा लहान तुकडा बसवायचा आणि सालीची लांब पट्टी भोवती वाकवून लहान काड्यांनी त्या तुकड्यांना टोचायची. ही पट्टी म्हणजे धाव. आरे असमान झाले तर चाक लंगडते. मग नातू काड्या मोजायला लागतो, त्याला कोणी सांगावे लागत नाही.

साटीसाठी साल न काढलेले दोन लांब धांडे पुढे एकमेकांकडे झुकवून ठेवायचे आणि त्यांच्यावर आडव्या काड्या टोचत जायच्या. पुढच्या टोकाला जू आडवे येते आणि त्यात शिवळांसाठी उभ्या काड्या. आख मात्र गाभ्याचा करू नये, तो वाकतो. बांबूची सरळ काडी किंवा पऱ्हाटीची बारीक फांदी घ्यावी. तुंब्याचे भोक आखापेक्षा किंचित मोठे ठेवले तर चाक फिरते, नाहीतर घसटते. बैल गाभ्याचेच: जाड तुकडा धड, चार काड्या पाय, लहान तुकडा डोके. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोडे पाहिलेल्या मुलांना बैलांऐवजी घोडा हवा असतो. त्यासाठी मान लांब करून आयाळीला कणसाचे तुरे लावले की भागते. नुसती काड्या टोचण्याची कामे पाच वर्षांच्या मुलाला जमतात, चाक आठ-नऊ वर्षांच्या मुलाला, आणि पूर्ण गाडी दोघांनी मिळून केली तर दोन दुपारी लागतात.

ही गाडी कोरड्या जागी ठेवली तर वर्षभर टिकते, पण गाभ्याला कीड लागते. त्यासाठी कडुनिंबाचा पाला सोबत ठेवतात. शहरात परतणाऱ्या नातवंडांबरोबर तयार गाडीऐवजी सोललेल्या सालीची आणि गाभ्याची जुडी कापडात बांधून द्यावी, कारण बसच्या गर्दीत गाडी मोडते आणि जुडी पोहोचते.

हल्ली ज्वारीची काढणी झाली की कडबा थेट कुट्टीच्या यंत्रात जातो. ज्यांच्या शेतात यंदा दादर आहे त्यांनी त्याआधी बुडाकडून जाड असलेले दहा-पंधरा धांडे निवडून घराच्या आढ्याला बांधून ठेवावेत.